पुढची डावी दांडी

कोलोन, २४ जून १९७३

ब्लाझ, अरे बैला,

घरी पोचलास ना? आईच्या हातचं खाऊन आणखी रुंद होऊ नकोस, परत येताना आगगाडीच्या दारात अडकशील. परांचीवर तुझ्या जागी एक तुर्क आलाय. काम चांगलं करतो, पण त्याला अजून शिव्या येत नाहीत, त्यामुळे दिवस लांब वाटतो.

आता नीट ऐक. माझी आई दोन वर्षं एकच रड लावून बसली आहे: तू येत नाहीस तर निदान ज्याच्याबरोबर जेवतोस त्याला तरी पाठव, त्याचं तोंड बघून मी तुझं पोट ओळखीन. म्हणून तू पुंतारोसाला, माझ्या घरी जातोयस. समुद्र वगैरे बघायला नाही, तो तसाही पाण्याचाच आहे. मी का येत नाही ते तिला विचारू नकोस आणि मलाही विचारू नकोस.

आईचं नाव फिलोमेना, बहीण आसुन्ता. आसुन्ताकडे बघून हसायचं नाही, एवढं पुरे. वाढतील ते सगळं खा. घरातल्या कशालाही छान म्हणू नकोस, म्हटलंस की ती वस्तू तुझ्या पिशवीत घालतील. भिंतीवर माझ्या थोरल्या भावाचा, बास्तियानोचा फोटो आहे. तो कसा गेला ते विचारू नकोस. गावात अनोळखी कुणी कॉफी पाजायला लागला तर म्हण, आत्ताच झाली. बाप बोलणार नाही. त्याचं मनावर घेऊ नकोस, त्याला लाज वाटत असेल.

आणि एक. पाच ऑगस्टला मारियामातेची पालखी निघते. तुझे खांदे बघून कुणीतरी तुला दांडीखाली घालायला येईल. पाठ दुखते म्हणून सांग. हे चेष्टेत लिहिलेलं नाही.

मीको

•

पुंतारोसा, ९ जुलै

मीको, हरामखोरा,

एवढ्या सूचना दिल्यास आणि खरी गोष्ट सांगितलीच नाहीस. तुझ्या बापाने मला भर बाजारात मुस्काटात मारली.

पण आधीपासून सांगतो. पहिल्या रात्री आईने मला बसवलं आणि माझ्या तोंडाकडे बघून रडली. म्हणाली, "याचे गाल वर आलेत म्हणजे माझा पोरगाही जेवतो." तुझा बाप कार्मेलो समोर बसून पाव मोडत होता. सगळं आटोपल्यावर त्याने एकच विचारलं, "येणार आहे का तो?" मी काय खोटं बोलणार? तू परांचीवर रोज म्हणतोस तेच म्हटलं, की तुम्ही जिवंत आहात तोवर नाही. ऐकून त्याने मान हलवली, आणखी एक पेला ओतला आणि चवीने जेवला. मला राग आला. आमच्याकडे बैल विकला तरी माणूस त्या रात्री जेवत नाही.

त्याच्याबरोबर होडीवर जातो. मी आजवर डुकरं कापली आहेत, रक्त मला नवं नाही. पण हे निराळं. डोलकाठीच्या टोकावर बसलेला माणूस ओरडला, तुझा बाप पुढच्या फळीवर पळत गेला आणि भाला फेकला. तलवारमाशाची जोडी होती. "मादीला आधी मारायचं," म्हणाला. "मग नर जागचा हलत नाही." खरंच हलला नाही. होडीभोवती फिरत राहिला, फळ्यांवर तलवार आपटत राहिला, आणि दुसरा भाला त्याच्या मानेतून आरपार गेला. दोन माणसांएवढा मासा, वर ओढला तेव्हा अजून शेपटी मारत होता. तिने खलाशाचा दात पाडला. मासा मेल्यावर तुझ्या बापाने त्याच्या गालावर चार नखांनी फुली ओढली. म्हटलं हे काय? तर म्हणे, "मान द्यावा लागतो. मारलंय आपण त्याला."

आता मुस्काटाचं. मंगळवारी चौकात बसलो होतो. पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा आला, गोड बोलला, कोलोनची हवा कशी आहे, मीको कुठे राहतो, किती वाजता कामावर जातो. कॉफी मागवली. मी प्यायलो. अरे, माणूस साधा वाटला, त्याला काय आत्ताच झाली म्हणायचं! एवढ्यात तुझा बाप जाळं टाकून धावत आला आणि काही न बोलता मला अशी दिली की कप फुटला. पांढरी टोपी हसली. म्हणाली, "पाहुण्याला मारतोस, कार्मेलो? तुझं वय झालं."

संध्याकाळी त्याने माझ्या ताटात माशाचा सगळ्यात चांगला तुकडा वाढला. मी खाल्ला. या गावात काय चाललंय ते सांग, नाहीतर मी रविवारी गाडी पकडतो.

ब्लाझ

•

कोलोन, १७ जुलै

ब्लाझ,

त्याला पत्ता सांगितलास का? सांगितला असशील तर लगेच कळव, मी खोली बदलतो.

सांगतो आता. पांढरी टोपी म्हणजे डॉन सावेरियो. गावातला बर्फ त्याचा. मासा तुम्ही मारा, पण बर्फ त्याच्याकडूनच घ्यायचा, तो म्हणेल त्या भावाने, नाहीतर उन्हात मासा कुजतो. बास्तियानोच्या डोक्यात आलं की वीस मैलांवरून बर्फ आपणच आणावा. जुना ट्रक घेतला, तीन खेपा केल्या. चौथ्या दिवशी सकाळी मासळीच्या लिलावात आमच्या पेट्या उघडल्या, आणि तिसऱ्या पेटीत बर्फाखाली माझा भाऊ होता. तोंडात बर्फ ठासलेला. पेटी मी उघडली. सगळं गाव होतं तिथे आणि कुणी काही पाहिलं नव्हतं. पोलीस आला, त्यानेही पाहिलं नाही.

हे झालं जूनच्या अखेरीस. ऑगस्टमध्ये पालखी. आमच्याकडे मातेची पालखी सावेरियोच्या गच्चीखाली थांबवतात. एक घंटा झाली की थांबायचं, दुसरी झाली की पुढच्या भोयांनी गुडघे वाकवायचे, म्हणजे माता त्याच्यापुढे झुकते. तीनदा. वर तो टोपी काढून उभा असतो, जणू तोच देव. पुढची डावी दांडी आमच्या घराण्याची. आजा होता, मग बाप. त्या वर्षी सगळं गाव बघत होतं की कार्मेलो काय करतो.

वाकला, ब्लाझ. मुलाला पुरून चाळीस दिवस झाले नव्हते आणि माझा बाप त्याच्या खुन्यापुढे तीनदा वाकला. मी तिथेच सगळ्यांसमोर त्याच्यावर थुंकलो. म्हटलं, तू बाप नाहीस, पायपुसणं आहेस. त्याने दांडी सोडली नाही आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्याच रात्री मी गाव सोडलं.

मी त्याला भाले फेकताना पाहत लहानाचा मोठा झालो. असा हात आख्ख्या किनाऱ्यावर नव्हता. म्हणून जास्त लागतं.

तू आईसाठी थांब. पण पालखीच्या दिवशी घराबाहेर पडू नकोस.

मीको

•

पुंतारोसा, २७ जुलै

मीको,

पत्ता सांगितला नाही. मला तो पाठच नाही, तुझ्या पाकिटावरून उतरवून घेतो, मी घराचा दरवाजा ओळखतो फक्त.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मग जरा गप्प बसायला होडीवर गेलो, तर तुझा बापच बोलायला लागला. तीन आठवड्यांत एवढं बोलला नव्हता. म्हणाला, "उजव्या दांडीचा भोई माझा चुलतभाऊ आहे. त्याला मी आजारी पाडतो. तू येशील?"

मी म्हटलं, "आणि वाकायचं?"

म्हणाला, "तू परका. तुला घंटा कळत नाही. तू बैलासारखा चालत राहिलास तर मी एकटा थांबून काय करणार? मलाही तुझ्याबरोबर ओढत जावं लागेल. गाव हसेल, सावेरियोलाही हसावं लागेल. म्हणतील, त्या स्लाव बैलाने घोटाळा केला. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गाडीत."

मी विचारलं, "आणि माता?"

"माता पुढे गेलेली असेल," म्हणाला.

मीको, तो हसला. समोरचे दोन दात नाहीत, माहीत होतं तुला? मी हो म्हटलं. माझी पाठ दुखत नाही. त्या कॉफीचं ऋणही फेडायचं आहे, ती अजून माझ्या पोटात आहे.

रोज संध्याकाळी आम्ही मागच्या अंगणात सराव करतो. खांद्यावर डोलकाठी, तिच्यावर आसुन्ता बसते आणि "वाकू नका रे मेल्यांनो" म्हणून ओरडते. मी हसलो नाही. थोडा हसलो.

ब्लाझ

•

कोलोन, ३० जुलै

ब्लाझ,

तातडीने टाकतोय. वेड्या, तुला अजून कळत नाही का? दोन वर्षं त्याची छाती झाली नाही. आता परक्याच्या पोराला पुढे करतोय. घोटाळा तुझा, गुन्हा तुझा, आणि सावेरियो हसणार नाही, तुला स्टेशनवर पोचूही देणार नाही. दुसऱ्याच्या आईच्या पोराच्या आडून शौर्य दाखवतोय माझा बाप. माशाची आतडी बरी त्याच्यापेक्षा.

त्याला हे वाचून दाखव. शब्दन् शब्द. आणि पत्र मिळेल त्या गाडीने नीघ.

मीको

•

व्हिंकोव्त्सी, ११ ऑगस्ट

मीको,

डाव्या बाजूच्या तीन बरगड्या गेल्या आहेत, म्हणून अक्षर तिरकं आहे. आई बाजूला बसून मला नावं ठेवतेय. घरी आहे.

तुझं पत्र चार तारखेला आलं. तू म्हणालास म्हणून वाचून दाखवलं, शब्दन् शब्द. आतड्यांपर्यंत. तुझा बाप ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरोबर लिहिलंय पोराने." बस. मला जाळ्यांच्या खोलीतून दोरखंड आणायला पाठवलं आणि बाहेरून कडी घातली.

मी दार बडवलं. तो दाराला टेकून बाहेर बसला असावा, आवाज खालून येत होता. म्हणाला, "दुसऱ्याच्या आईचा पोरगा आहेस. तो म्हणतो ते खरं आहे." मी शिव्या दिल्या, तू शिकवलेल्या सगळ्या. शेवटी विचारलं, मग दोन वर्षांपूर्वी का वाकलात? त्याने जे सांगितलं ते तुला सांगायचं नाही अशी मी मातेची शपथ घेतली आहे. मी वाईट पाहुणा आहे, सांगतो.

बास्तियानोच्या मातीनंतर सावेरियो तुमच्या घरी दुखवट्याला आला होता. आईच्या हातची कॉफी प्यायला. उठताना तुझ्या बापाला म्हणाला, "अजून एक आहे ना तुला? पालखीच्या दिवशी बघू, तुला अक्कल आली का." म्हणून तो वाकला. तू थुंकलास तेव्हा तो गप्प राहिला, कारण खरं सांगितलं असतं तर तू सुरा घेऊन गच्चीवर गेला असतास. त्याला तू रागावून लांब जायला हवा होतास. गेल्या वर्षीही वाकला, कारण तू परत येशील की काय याचा भरवसा नव्हता. यंदा मी पहिल्या रात्री सांगितलं, तो जिवंत आहे तोवर मीको येणार नाही. दाराच्या फटीतून मला म्हणाला, "त्या रात्री मी दोन वर्षांनी झोपलो, बैला."

आणि मी समजलो होतो, याला पोराची माया नाही.

आता ऐक काय झालं. दुसऱ्या दिवशी बँड गल्लीत शिरल्याचं मला खोलीतून ऐकू आलं. मी खिडकीची चौकट उखडली, छपरावरून उडी टाकली आणि धावलो. पोचलो तेव्हा दोन घंटा होऊन गेल्या होत्या. चुलतभाऊ वाकला होता, मागचे थांबले होते. तुझा बाप वाकला नव्हता. पालखी एका अंगावर कलली, मातेचा मुकुट घरंगळत गटारात गेला. तुझा बाप ओरडत होता, "चला! चला रे!" कुणी चालत नव्हतं. बँडवाले मात्र वाजवतच होते, मूर्खासारखे.

सावेरियोचा पुतण्या काठी घेऊन उतरला आणि तुझ्या बापाच्या गुडघ्यांमागे मारायला लागला, जनावराला बसवतात तसं. एक, दोन, पाच. तो खाली बसेना. डोकं फुटलं, रक्त डोळ्यांत गेलं, दांडी सोडेना. सगळं गाव बघत होतं. मग तुझी आई गर्दीतून ओरडली, "चालत राहा, कार्मेलो!" असा आवाज मी बाईचा ऐकला नाही कधी.

मी पुतण्याचा जबडा मोडला. आवाज आला, म्हणजे मोडलाच. दुसऱ्याच्या कानाचा तुकडा माझ्या दातांत राहिला. चुलतभावाला ढकलून मी उजव्या दांडीखाली शिरलो, आणि मीको, मागचे सहाही चालायला लागले. आम्ही गच्चीखालून गेलो. मी वर पाहिलं नाही. तुझ्या बापाने पाहिलं. बंदरापर्यंत तो ताठ चालला आणि माता उतरवल्यावर कोसळला.

त्याच संध्याकाळी होडी जाळली, भाल्यांसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर पाच जणांनी त्याला धरलं, उजवा हात मासळीच्या ओट्यावर पसरला आणि बर्फ फोडायच्या घणाने बोटं एकेक करून चेचली. सावेरियो खुर्ची टाकून बसला होता. मला तिघांनी खाली दाबून ठेवलं होतं, बरगड्या तिथे गेल्या. तुझा बाप ओरडला नाही, पण शेवटी ओकला. हात गेला, मीको. तो हात पुन्हा काही धरणार नाही. सावेरियो म्हणाला, "आता तुझा धाकटा आला की हिशोब पुरा होईल."

तुझं पत्र आलं नसतं तर सगळं माझ्या बैलपणावर खपलं असतं. तुला दोष देत नाही. देतोही थोडा.

जाऊ नकोस. त्याने हे सगळं तू जाणार नाहीस या एकाच भरवशावर केलं. जाऊ नकोस रे.

ब्लाझ

•

कोलोन, १६ ऑगस्ट

ताता,

दोन वर्षांनी हा शब्द लिहितोय. ब्लाझने सगळं कळवलं. शपथ मोडली म्हणून त्याला शाप देऊ नका, द्यायचा तर मला द्या.

मी तुमच्यावर थुंकलो होतो. ती थुंकी मला माझ्या तोंडावरून पुसता येत नाही. सगळ्यांसमोर थुंकलो, तर सगळ्यांसमोरच तुमच्या पायावर डोकं ठेवीन. चौकात, त्याच्या गच्चीखाली. आणि मग वर जाईन. मुकादमाकडून पगार घेतलाय, खोली सोडलीय, बर्फ फोडायचा टोच्या इथेही मिळतो, तो घेतलाय. आईला सांगू नका. पंचवीस तारखेच्या गाडीने निघतो, सत्तावीसला दुपारी पोचेन. त्याने माझ्या भावाच्या तोंडात बर्फ कोंबला आणि माझ्या बापाची बोटं मोडली. मी जगून काय जर्मनांची घरंच बांधायची?

फक्त मी येईपर्यंत जिवंत राहा.

तुमचा मीको

•

पुंतारोसा, २० ऑगस्ट

मीको,

पत्र मिळालं. आसुन्ताला लिहायला सांगितलं नाही, स्वतः लिहितोय. होडीत बसलोय, लाटा आहेत, म्हणून अक्षर वाकडं येतं.

तुझा तो स्लाव खोटारडा आहे. दारू ढोसायचा. पालखीच्या दिवशी सकाळपासून पिऊन जाळ्यांच्या खोलीत पडला होता, छपरावरून पडून बरगड्या मोडून घेतल्या आणि तुझ्यापुढे तोंड दाखवायला ही कथा रचली. पुतण्याचा जबडा शाबूत आहे, काल चौकात कलिंगड खात होता. माझी बोटं दहा आहेत. परवा एक जोडी मारली, मादी आधी.

डॉन सावेरियो दुखवट्याला आला होता, ते खरं. पण तो तुझ्याविषयी काही बोलला नाही. सगळे बाप पोरांसाठी वाकतात असं तुला वाटायला हवं आहे, म्हणून तू त्याच्यावर विश्वास ठेवलास. मी भीतीने वाकलो. माझ्या जिवाच्या भीतीने. मला बर्फ लागतो, मासा विकावा लागतो. यंदाही घंटा झाली आणि वाकलो, तीनदा, गेल्या वर्षीपेक्षा खाली. कुणालाही विचार. आईला विचारू नकोस, ती माझी बाजू घेते.

तू चौकात बोललास ते चुकीचं नव्हतं. तू आलास आणि पायावर डोकं ठेवलंस तर गाव तुलाही हसेल, की कुणाच्या पायावर ठेवतोय बघा.

तिकीट परत कर. मुकादमाच्या हातापाया पड आणि कामाला लाग. तिथे बायको कर, पोरं झाली तर त्यांना इकडचं काही सांगू नकोस.

तुला माझी लाज वाटते ना? ती तशीच वाटू दे.

कार्मेलो